तीन ठोके

निमकरसाहेबाला मारायचं, हे कुंदा शेलारनं नवऱ्याच्या तेराव्यालाच ठरवलं होतं. कसं मारायचं, ते कळायला तिला दोन वर्षं लागली.

त्या दोन वर्षांत तिनं साहेबाच्या हातून बरंच काही घेतलं. नोकरी घेतली, कंपनीचा निळा कोट घेतला, दिवाळीला काजूकतलीचा डबा घेतला, वर "थँक्यू सर" म्हणाली. लोक म्हणाले, बाई शहाणी हो, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणायचं. गंगेला मिळतंय कसलं! सगळं जसंच्या तसं तिच्या पोटात होतं, आणि काजूकतली तिनं गल्लीतल्या कुत्र्यांना घातली.

चाकणच्या पुढं निमकराच्या हाताखालचं ते गोदाम आहे. तिथं ट्रक येतात ते बिनड्रायव्हरचे. ज्या जागेत ट्रक मागं येऊन माल उतरवायला लागतो, त्या जागेला सगळे गाळा म्हणतात. मागं चार फुटी ओटा, दोन्ही बाजूंना भिंती, आणि मधली खोलगट जागा जेमतेम ट्रकच्या रुंदीची. उतरायला तोंडाशी कडेला पाच पायऱ्या. पूर्वी या ओट्याला एक लोखंडी आकडा असायचा. ट्रक लागला की आकडा त्याला धरून ठेवायचा, आणि आकड्याची किल्ली मुकादमाच्या कमरेला. किल्ली फिरल्याशिवाय गाडी तसूभर हलायची नाही. पण त्यात गाडीमागं चार मिनिटं जायची. चार मिनिटं म्हणजे साहेबाच्या काळजाला घरं पडायची. म्हणून निमकरानं आकडे काढले आणि ऐकणारी फरशी बसवली.

कुंदाचा नवरा दिनकर हमाल. त्याची जोडी टोळीचे मुकादम रघुनाथ सपकाळ यांच्याशी. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. दोघं जावळीच्या एकाच खोऱ्यातले. हमालीत जोडी म्हणजे लग्नासारखीच. दांड्याला ओझं बांधून दोघं चालतात तेव्हा पावलाला पाऊल जुळावं लागतं, नाहीतर ओझं झोके घेतं आणि खांदा सोलून काढतं. आण्णांनी दिनकरला ते असं शिकवलं होतं की डोळे मिटून ऐकलं तर एकच माणूस चाललाय असं वाटावं. टोळीला त्याचा काय अभिमान!

त्या दिवशी गाळा नंबर नऊमधला, ट्रकचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा निखळला होता. नवा ठोकळा सत्तर किलोंचा. आण्णा आणि दिनकर तो दांड्याला लावून पायऱ्या उतरले. पाना वर राहिला म्हणून आण्णा परत गेले. दिनकर ओट्याशी उकिडवा बसून ठोकळा बसवत राहिला. गाळ्यावरचा लाल दिवा हिरवा झाला आणि बाहेर थांबलेला ट्रक मागं आला.

अहवालात काय आलं? "मयत इसम पायऱ्यांवरची मोजणी चुकवण्याकरिता ओट्यावरून उडी मारून गाळ्यात उतरला. स्वतःचा निष्काळजीपणा." आण्णा ओरडून सांगत होते, आम्ही दोघं पायऱ्यांनी उतरलो, दोघं! पण फरशीच्या नोंदीत एकच माणूस आत गेला होता आणि एकच बाहेर आला होता. यंत्र कशाला खोटं बोलेल? खोटं बोलतो तो हमाल. कंपनीचं हे शास्त्र ठरलेलं आहे.

आणि मग साहेबानं मोठ्या मनानं मयताच्या बायकोला नोकरी दिली. फोटोबिटो काढून. कुंदा बारावी पास होती. सहा आठवडे शिकवून तिला फरशीच्या खोलीत बसवलं.

फरशी ऐकते म्हणजे काय, ते तिला तिथं समजलं. काँक्रीटखाली केसाएवढी काचेची तार नागमोडी पसरलेली असते. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा उजेडाचा ठिपका सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक खोट असतेच, त्या खोटीवरून थोडा उजेड मागं फिरतो. वर कुणी पाऊल टाकलं की काच ताणली जाते, केसाच्या हजाराव्या भागाएवढी, आणि मागं येणारा उजेड तेवढाच बदलतो. यंत्र त्या बदलावरून सांगतं, कुठं, किती वजनाचं, कुणाचं पाऊल पडलं. कुणाचं, हेही सांगतं, कारण चाल कुणाची कुणासारखी नसते. हजेरीसुद्धा त्यावरच लागायची.

पण उभा माणूस फरशीला ऐकू येत नाही. पावलाचा आवाज येतो, माणसाचा नाही. म्हणून ती मोजते. पायऱ्यांवरून, नावं न बघता, नुसतं किती आत गेले, किती बाहेर आले. शिल्लक शून्य झाली की दिवा हिरवा.

तिसऱ्या महिन्यात कुंदानं टोळीच्या जोड्या पडद्यावर पाहिल्या. ओझं घेऊन दोन माणसं आत जात होती आणि पडद्यावर आकडा पडत होता एक. पाऊल इतकं जुळलेलं, की फरशीला ते एकच जड माणूस वाटत होतं. आण्णांनी जन्मभर घासूनपुसून शिकवलेली चाल दिनकरला घेऊन गेली होती.

आठवड्यानं संगणकातल्या जुन्या फायली चाळताना पत्र सापडलं. फरशी बसवणाऱ्या इंजिनिअरांचं, दिनकर जायच्या अकरा दिवस आधीचं. लिहिलं होतं: ओझं घेऊन एका पावलात चालणारी दोन माणसं एक मोजली जातात, दुरुस्तीला तीन महिने लागतील. शिवाय गाडी हलू लागली की तिच्या घरघरीत साधी पावलं बुडून जातात. म्हणून एक सोय ठेवली आहे. गाळ्यात अडकलेल्यानं एकाच जागी, सारख्या अंतरानं तीनदा पाय आपटावा. तेवढे तीन ठोके फरशी घरघरीतूनही वेचून काढते आणि गाडी असेल तिथं थांबते. हे प्रत्येक कामगाराला शिकवावे.

खाली निमकराचा शेरा होता. "हमालांना सांगू नये. बसल्या बसल्या गाड्या थांबवतील. दुर्लक्ष करावे."

कुंदानं कागद छापून घेतला आणि चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकारी मंजिरी खोत यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सुनावणी झाली. निमकर शांत. "मॅडम, हे बनावट आहे. असं पत्र मला आलेलंच नाही. एका पावलात चालणं काय, गाडी थांबवायची सोय काय, हे सगळं मी आजच ऐकतोय." सोय कोणती, ते खोतबाईंनी त्याला मुद्दाम वाचून दाखवलं नव्हतं. तोवर संगणकातलं पत्र पुसलं गेलं होतं, इंजिनिअरांची कंपनी गुंडाळली गेली होती. खोतबाईंनी एका जोडीला चालून दाखवायला सांगितलं. आठ साहेबांसमोर, छातीत धडधडत असताना कुणाची पावलं जुळतात? फरशीनं दोन मोजले. तीन ठोके तपासायचे तर आत माणूस ठेवून गाडी चालवावी लागणार, आणि त्याला कायदा परवानगी देत नाही. कायदा मोठा दयाळू!

"माझा विश्वास बसतोय हो तुमच्यावर," खोतबाई जाताना म्हणाल्या, "पण हा कागद कोर्टात उभा राहणार नाही."

निमकरानं कुंदाला काढलं नाही. काढलं असतं तर पत्राला वजन आलं असतं. उलट त्यानं तिला आणखी जवळ घेतली, स्वतःच्या मागं फाइल धरून चालायच्या कामावर. करून सवरून नामानिराळा, आणि वर उपकारकर्ता. जोड्यांना ओझं वाहायला मात्र त्यानं गुपचूप बंदी घातली, ढकलगाड्या आणल्या. म्हणजे बघा, माहीत नव्हतं म्हणे!

आता साहेबाचा एक आवडता खेळ होता. पाहुणे आले की तो स्वतः गाळ्यात उतरायचा, ओट्याला पाठ लावून उभा राहायचा आणि हातातल्या यंत्रावरून ट्रकला हुकूम द्यायचा, "गाडी, मागे ये." वर लाल दिवा. ट्रक जागचा हलायचा नाही. "पाहिलंत? फरशीला माहीत आहे मी इथं आहे!" पाहुणे टाळ्या वाजवायचे. कुंदा दर वेळी पायऱ्यांपाशी फाइल धरून उभी असायची. एकदा टाळ्या चालू असतानाच तिला कसं मारायचं ते कळलं.

ती साहेबाची चाल शिकायला लागली. फरशीत त्याच्या पावलांची दोन वर्षांची नोंद होती. कानाला लावून ती ऐकायची, स्वयंपाक करताना बोटानं ओट्यावर वाजवायची. डावा गुडघा दुखरा, म्हणून डावं पाऊल हलकं आणि उजवं लवकर. पायऱ्या उतरताना दुसऱ्या पायरीवर जरा थांबा. बायकोचा फोन येऊन गेला की चाल मंद. कुंदाला त्याचं सगळं कळायला लागलं, त्याची झोप झाली की नाही तेसुद्धा. नवऱ्याची चाल तिनं कधी इतकी निरखली नव्हती, याचा तिला संताप यायचा आणि तो संतापही ती साहेबाच्याच नावावर मांडायची.

तिची सासू आता जवळजवळ आंधळी होती. माणूस पावलावरून ओळखायची. एका संध्याकाळी कुंदा दारातून आत आली तर म्हातारी भिंतीला टेकून ताठ झाली.

"कोन हाय?"

"मी आहे, आत्याबाई."

"तू न्हाईस." म्हातारीनं हात पुढं करून तिचं तोंड चाचपलं. "तोंड तुजं हाय. पाय कुना बाप्याचं घिऊन आलीस गं? लंगडतीस का?"

"काटा मोडलाय."

"दोन म्हैनं काटा मोडलाय व्हय? काढ की मग!"

कुंदानं पिशवी खाली ठेवली. तिला साधं चालून बघायचं होतं. तिनं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं, आणि डावं पाऊल हलकंच पडत राहिलं. रडू आलं तिला. पण थांबायचं मनात आलं नाही.

दुसरा एकच माणूस हे ओळखू शकत होता आणि त्यानं ओळखलं. जेवणाच्या सुट्टीत आण्णा तिला ढकलगाड्यांच्या मागं घेऊन गेले.

"पोरी, तीस वर्सं मी जोडीत चाललोय. सायबाच्या मागनं तू फाइल घिऊन चालतीस ती त्याच्या पावलात चालतीस. कशापायी जोडी बांदलीस त्या हरामखोराशी?"

कुंदानं सांगून टाकलं. परवा सुरक्षेच्या पुरस्कारासाठी पाहणी आहे. खोतबाईच येणार आहेत. साहेब खेळ दाखवणार. मी त्याच्या पावलात पाऊल टाकून आत जाईन, फाइल हातात देईन आणि बाहेर येईन. एक आत, एक बाहेर. शून्य.

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळली. "अगं, मरंल त्यो!"

"का मरेल? त्याला तीन ठोके माहीत आहेत ना. पत्र वाचलं असेल तर पाय आपटेल आणि वाचेल. सगळ्यांसमोर वाचेल, खोतबाईंसमोर. आणि वाचलं नसेल, खरंच बोलला असेल, तर मरेल."

"खरं बोलनारा मरंल अन् खोटं बोलनारा वाचंल? ह्यो कुटला न्याय?"

"त्यानंच केलेला."

"अन् माहीत असून भ्यानं इसरला तर?"

"ह्यांना तर विसरायलासुद्धा काही दिलं नव्हतं त्यानं, आण्णा." तिचा आवाज चढला. "जा, सांगा जाऊन साहेबाला. तुम्ही सांगितलंत तर मी अडवणार नाही."

आण्णांनी चुरगाळलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. दिनकरला पावलाला पाऊल लावायला शिकवलं ते याच माणसानं, आणि पाना आणायला गेला तोही हाच. दोन वर्षांत त्यांनी कुणाबरोबर जोडी बांधली नव्हती.

"चालून दाव," ते शेवटी म्हणाले. तिनं चालून दाखवलं. "डावा पाय तुजा उशिरा पडतोय. त्याच्या पायाकडं बगू नगं, खांद्याकडं बग. पाय उचलायच्या आदी मानसाचा खांदा बोलतो."

परवाचा दिवस उजाडला. अकरा वाजता खोतबाई दोन परीक्षकांना घेऊन आल्या. त्यांनी कुंदाला ओळखलं, आणि जरा ओशाळल्यासारखं हसल्या. निमकरानं पंधरा मिनिटं भाषण झोडलं. दोन वर्षांत एकही अपघात नाही, कामगार हेच आमचं कुटुंब वगैरे. नाकानं कांदे सोलावेत तर त्यानंच. मग कोटाची गुंडी लावून तो गाळा नंबर नऊकडे निघाला. गाळे नव्वद होते, पण त्याला दर वेळी नऊच लागायचा. तिथं काय झालं होतं, ते बहुधा त्याच्या लक्षातही नव्हतं.

कुंदा त्याच्या मागं अर्ध्या हातावर. तिनं खांद्याकडं पाहिलं. उजवा, डावा. पहिली पायरी, दुसरीवर थांबा, तिसरी. तिच्या छातीत काही धडधडत नव्हतं. पाऊल असं पडत होतं की तिचं तिलाच ऐकू येईना.

"फाइल द्या आणि व्हा बाहेर," साहेब म्हणाला. तिनं फाइल दिली आणि आपल्या एकटीच्या पावलानं पायऱ्या चढून आली. ओट्यावरच्या खांबाशी येऊन ती उभी राहिली. खांबावर गाडी थांबवायचं लाल बटण होतं, तिच्या कोपराशी. तिनं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. पलीकडं आण्णा टोपी काढून उभे होते.

निमकराच्या डोक्यावरचा दिवा हिरवा झाला. त्याला तो दिसत नव्हता आणि पाहुण्यांची नजर त्याच्यावर होती.

"आता मी गाडीला हुकूम देतो," तो म्हणाला. "गाडी, मागे ये!"

ट्रक पीं पीं करत मागं निघाला.

क्षणभर साहेब हसतच राहिला. एका परीक्षकानं टाळीसुद्धा वाजवली. मग त्या हसण्याचं काय झालं ते कुंदानं डोळे भरून पाहिलं, दोन वर्षं त्यासाठीच काढली होती. तो "थांब, थांब" ओरडला. पायऱ्यांकडं धावला तर ट्रकच्या कडेनं पायऱ्या झाकल्या होत्या. मागं फिरला, ओट्याच्या कडेला लोंबकळला, पण गुडघ्यानं दगा दिला आणि तो खाली घसरला. खोतबाई किंचाळल्या, "अहो, बंद करा कुणीतरी!" कुंदाचे हात खिशात होते. विसर, ती मनात म्हणत होती. विसर मेल्या, विसर, विसर.

त्यानं वर पाहिलं. कुंदाशी नजरानजर झाली. तिचे खिशातले हात त्यानं पाहिले, आणि तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं की त्याला आठवलं.

त्यानं ओट्याला पाठ लावली आणि उजवा पाय आपटला. एक. दोन. तीन. सारख्या अंतरानं, कवायतीत आपटावा तसा.

ट्रक त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबला.

वीतभर! कुंदाच्या तोंडात कडू आलं. दिनकरच्या नावावरचा ठपका सुटला होता, तिला ठाऊक होतं. तरी ती वीत राहायला नको होती असंच तिला वाटलं. आणि असं वाटल्याची लाजही वाटली नाही.

हमालांनी साहेबाला बगलेत हात घालून वर ओढलं. तो ओट्यावर बसला. खोतबाईंनी त्याला पाणी दिलं, दोन घोट पिऊ दिले आणि मग विचारलं, "निमकर, पाय का आपटलात?"

"घा... घाबरून, मॅडम."

"घाबरून माणूस पळतो, ओरडतो. ते तुम्ही केलंत. मग उभे राहिलात आणि तीनदा पाय आपटलात. मोजून. आणि गाडी थांबली."

निमकरानं इकडंतिकडं पाहिलं. ओट्यावर सबंध टोळी गोळा झाली होती. त्याची नजर कुंदावर आली आणि तो फुटलाच. "हिला धरा! हिनं मारायला घेतलं मला! ही मुद्दाम माझ्या पावलात पाऊल टाकून आत आली. दोघं एका पावलात चालले की फरशी एकच मोजते, म्हणून ही बाहेर गेल्यावर आत कुणी नाही असं..."

तो थांबला. त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. खाई त्याला खवखवे, ते खोटं नाही.

"बोला ना," खोतबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दोघं एका पावलात चालले की फरशी एकच मोजते. मागच्या सुनावणीत आपण म्हणालात, असं काही होत असल्याचं आपल्याला माहीतच नाही. मग हे खरं आहे, असं कुणी सांगितलं आपल्याला? आणि तीन ठोके, जे मी तिथं वाचूनच दाखवले नव्हते? पत्रानं?"

आण्णा खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले.

खोतबाई कुंदाकडं वळल्या. "शेलारबाई, लाल बटण तुमच्या हाताशी होतं."

"होतं."

"दाबलं नाहीत."

"नाही. दाबणार नव्हते." तिनं खिशातले हात बाहेर काढले. "ह्याला ठोके आठवले नसते तर मी बघत राहिले असते."

"हे मला लिहावं लागेल. याला शिक्षा आहे, कळतंय ना तुम्हाला?"

"लिहा ना, बाई. सगळं लिहा, मी सही करते. पण आधीचं आधी लिहा. दिनकर मारुती शेलार. जोडीदाराबरोबर पायऱ्या उतरून कामावर गेला होता. उडी मारून नाही. आणि त्याला तीन ठोके कुणी शिकवले नव्हते."

खोतबाई तिथंच ओट्यावर बसल्या, वहीचं कोरं पान काढलं आणि सगळ्यात वर दिनकरचं नाव लिहिलं. कुंदाचं त्याच्या खाली.